पुढे सरकलेली सीट

भाद्रपदातला दुसरा पंधरवडा मला कधीच सरळ वाटलेला नाही. गणपती गेलेले असतात, मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला पडून असतात, पाऊस संपला असं सगळे म्हणतात आणि तो संपलेला नसतो. सकाळी ऊन असं पडतं की छत्री घरी ठेवावी, आणि दुपार कलली की तिची आठवण यावी. दुकानदार रिकामे बसलेले असतात, आणि रिकामा बसलेला दुकानदार जरा जास्तच गोड बोलतो. ज्या कावळ्यांना वर्षभर हाडहूड करायची, त्यांना या दिवसांत हात जोडून बोलवायचं. तेही हे ओळखून असल्यासारखे भाव खातात. एकूण या पंधरवड्यात कोणावर विश्वास ठेवावा हे मला समजत नाही.

यंदाही पितृपक्ष लागला तशी मी नेरूळहून कोपरखैरण्याला आई-अण्णांकडे गेले. गॅलरीत कपडे वाळत घालताना कोपऱ्यातल्या खोक्यातून तोच वास आला. कुबट, थोडा रबराचा, थोडा दमट पोत्याचा. खोक्यात सगळ्यात वर गाडीच्या सीटचा जुना फोम ठेवलेला आहे. अण्णा तो टाकू देत नाहीत. त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा तो पितृपक्ष जसाच्या तसा परत आला. त्या दिवसांत मी माझ्याच आईवडिलांची चौकशी लावली होती.

संशय आमच्या घरात पिढीजात आहे, आणि अण्णांनी तर त्याचा पगार घेतला. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. साताऱ्याकडून आले ते थेट स्टोअरच्या जाळीमागे बसले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. जाळीपलीकडून कोणी बेअरिंग मागितलं की अण्णा विचारायचे, ‘जुनं कुठाय?’ झिजलेलं आधी जमा करायचं, मग नवं मिळणार. हातमोजे फाटले तर फाटके दाखवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं: जुनं हातात आल्याशिवाय ते खरंच बदललं कशावरून?

हाच कायदा घरीही लागू होता. पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय मला नवी पेन्सिल मिळत नसे. गेलेला बल्ब दाखवल्याशिवाय कपाटातला बल्ब बाहेर निघत नसे. एकदा शाळेच्या सहलीत माझी एक चप्पल ओढ्यात वाहून गेली. उरलेली मी अण्णांपुढे धरली, तर ती उलटसुलट करून बघत ते म्हणाले, “ही तर चांगली हाय की.” पुढे गाडी आली तेव्हा ते गॅरेजात मिस्त्रीच्या पाठीशी उभे राहायचे आणि बदललेला प्रत्येक भाग घरी आणायचे. प्लग, फिल्टर, वायपरची रबरं, घासून गेलेले ब्रेक. खोका तेव्हापासूनचा आहे.

निवृत्त होताना कारखान्याच्या किल्ल्या त्यांनी परत केल्या, पण जुडग्याची सवय काही गेली नाही. घरातली कपाटं, गावच्या घराची कुलपं, कधीच मोडीत गेलेल्या सायकलचं कुलूप, या सगळ्यांच्या किल्ल्यांचं एक वजनदार जुडगं त्यांच्या उजव्या बाजूच्या मागच्या खिशात असतंच. अण्णा बसले की आधी किल्ल्या वाजतात, मग खुर्ची. आई म्हणते, या माणसाला चोर दुरूनच ओळखेल.

माझंही पोट संशयावरच आहे. विम्याच्या कचेरीत मी मोटारींचे दावे तपासते. लोक ठोकलेल्या गाडीचे फोटो पाठवतात आणि खाली कारण लिहितात. सगळ्यात जास्त येणारं कारण एकच, ‘गाडी उभी होती, कोणीतरी ठोकून गेलं.’ उभ्या गाड्यांना ठोकून जाणारी एवढी माणसं नवी मुंबईत असतील तर चालत्या गाड्यांना ठोकायला उरतं कोण, असा प्रश्न मला रोज पडतो. हे वाक्य दिसलं की मी फोटो मोठा करून बघते.

त्या वर्षी गणपतीत अण्णांच्या गाडीच्या डाव्या दारावर लांबलचक ओरखडा दिसला. मी विचारलं, “अण्णा, हे काय झालं?”

“काय न्हाई. उभ्या गाडीला कोनतरी ठोकून गेलं.”

मी तिथल्या तिथे पार्किंगमध्ये उकिडवी बसले आणि ओरखड्यावरून बोट फिरवलं. उभ्या गाडीला कोणी ठोकलं तर पत्रा आत जातो. हा ओरखडा पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत सरळ ओढत गेला होता. म्हणजे गाडी चालत होती. अण्णा माझ्याशी खोटं बोलले होते, आणि आई बाजूला उभी राहून माझ्याकडे न बघता पदराशी चाळा करत होती.

एक दिसलं की दहा दिसतात. आधी संध्याकाळी गाडी काढून नेरूळला नातवंडांना भेटायला येणारे अण्णा आताशा सकाळीच येत आणि चहाचा कप खाली ठेवला की ‘उजेडात निघू’ म्हणत उठत. गावच्या जत्रेला ते स्वतः गाडी घेऊन जायचे. त्या वर्षी ‘घाटात लई गर्दी असती’ म्हणून एसटीने गेले. घाटात गर्दी नव्हती असं एकही वर्ष मला आठवत नव्हतं. आईने तर एकदा पोळ्या लाटता लाटता मध्येच विचारलं, “समोरून गाडीवाला डोळ्यांवर लाईट मारतो ना, तो बंद करायला त्याला सांगायचं कसं?” आई गाडी चालवत नाही. तिला लाईटशी काय करायचं होतं?

अशातच अण्णांच्या कमरेने दगा दिला. गाडीची सीट बसलीय, चालवताना खड्ड्यात बसल्यासारखं होतं, असं ते म्हणायला लागले. मी म्हटलं, सीटवाल्याकडे टाकू, तो संध्याकाळपर्यंत करून देईल. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घर उघडं टाकून गावाला चला म्हटलं होतं. “त्याच्याकडं टाकायची आणि आपन घरी यायचं? वरनं नवा फोम लावंल आणि आत कुनाच्या जुन्या गादीचा भुसा भरंल. उसवून बघनार हाय व्हय कोन?”

माझाही सीटवाल्यावर विश्वास नव्हता. मीच करते, असं मी जाहीर केलं. मोबाइलवर दोन-तीन जणांनी सीट उघडताना काढलेले व्हिडिओ बघितले. काम जमण्यासारखं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, ती गाडी निवांत हाताखाली हवी होती. गाडीत काहीतरी होतं, जे हे दोघं मिळून माझ्यापासून लपवत होते.

फोम आणायचा तर पितृपक्ष लागायच्या आत, ही आईची अट. पंधरवड्यात घरात नवीन वस्तू आणायची नाही. म्हणून विसर्जनाच्या धांदलीत मी बोनकोड्याच्या एका दुकानातून कडक फोमचा जाड तुकडा आणला. दुकानदार तिथलाच, गावातला. मी फोम दाबला, वाकवला, कडेने नखाने कोरून आत बघितला. तो कंटाळून म्हणाला, “ताई, खोटा माल ठेवीत नाय आमी. पान्यात टाका, काय व्हनार नाय त्याला.” तरीही मी मधला तुकडा कापून मागितला, कडेचा घेतला नाही.

मग नवाच वाद निघाला. आई म्हणाली, “आनलाय आधी, पन बसवायचा सर्वपित्री झाल्यावर. नव्यावर बसायचं म्हंजे नवीनच झालं की.” अण्णा म्हणाले, “माल आधीच जमा झालाय. आता बसवायचा ती दुरुस्ती. दुरुस्तीला पंधरवडा लागत न्हाई.” स्टोअरचा कायदा आणि शास्त्र यांच्यात अर्धा तास चाललं. शेवटी आईने एक तोड काढली. बसवा, पण दुसऱ्या दिवशी आजोबांची तिथी होती, त्यांचा घास होईपर्यंत त्यावर कोणी बसायचं नाही.

आजोबांच्या तिथीच्या आदल्या दुपारी मी पार्किंगमध्ये कामाला लागले. सीट काढण्याआधी गाडी थोडी पुढे घ्यावी म्हणून आत बसले, तर गुडघे दाणकन स्टिअरिंगखाली आपटले. सीट पार पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली. अण्णा दारातून वाकून आत येणाऱ्यांपैकी आहेत. ते या सीटवर बसले तर पाय कुठे ठेवतील? ही सीट कुणा बुटक्या माणसाने पुढे घेतली होती. आमच्या घरात बुटकं माणूस एकच.

त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं, आणि दावा सुटल्यावर ऑफिसात होतो तसा आनंद झाला. आई चोरून गाडी शिकत होती. म्हणून दोघं सकाळी रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडायचे. म्हणून ओरखडा. म्हणून लाईटची चौकशी. आणि म्हणूनच गाडीत बसली की तिचं ते सततचं बोलणं. आई अण्णांच्या शेजारी बसायची आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत चालू असायची. ‘पुढं रिक्षा थांबलीय हं.’ ‘सिग्नल लाल झाला.’ ‘स्पीड ब्रेकर आला बघा.’ ‘म्हातारी चाललीय मधनं, जाऊ द्या तिला.’ आम्ही मागे बसून हसायचो. माझा नवरा म्हणायचा, आईंना आरटीओत नोकरी लावून देऊ. आता मला कळलं, ती धडा पाठ करत होती. एकसष्टी जवळ आलेली माझी आई गाडी शिकतेय, या विचाराने मला खरंच अभिमान वाटला. ओरखडाही मी मनातल्या मनात मंजूर करून टाकला.

सीट काढणं फार अवघड नाही. खाली चार नट असतात, दोन पुढे, दोन मागे. पट्ट्याच्या बकलाकडे जाणारी एक वायर सोडवायची आणि सीट उचलून बाहेर घ्यायची. अण्णा अर्थातच माझ्या पाठीशी उभे होते. सोडलेला प्रत्येक नट ते माझ्या हातातून घेऊन वाटीत टाकत होते. थोड्या वेळाने आईने वरून हाक मारली, उद्याच्या वड्यांची डाळ वाटायची होती, तेव्हा ते वाटी घेऊनच वर गेले. सीट मी वर्तमानपत्रावर पालथी घातली. कव्हर खालून लोखंडी कड्यांनी तारेला अडकवलेलं असतं. त्या कड्या पकडीने एकेक तोडायच्या. जवळजवळ सगळ्या तोडून झाल्यावर कव्हर मोज्यासारखं उलटं निघालं आणि आतून तो वास आला. किती पावसाळ्यांची ओल त्यात होती कोण जाणे.

नवा फोम कापायला जुन्याचा माप म्हणून उपयोग करायचा होता. मी तो जमिनीवर सपाट ठेवला, मार्कर घेतला आणि तशीच थांबले.

सीटचा फोम मागे बसतो. माणसाचं वजन मागे असतं, पाठ टेकलेली असते. ऑफिसात अपघातातल्या गाड्यांच्या उघड्या सीटा मी इतक्या बघितल्यात की हे मला सांगायला कोणी लागत नाही. हा फोम मागच्या बाजूला जवळजवळ नवा होता. दाबला की चटकन वर येत होता. पुढची कड मात्र पार चुरा झालेली, बोट लावलं की पिवळी भुकटी हाताला लागत होती. जो कोणी बसत होता तो पाठ न टेकता, सीटच्या अगदी काठावर बसत होता.

आणि उजव्या बाजूला, पुढच्या अर्ध्यात, एक खोल खड्डा होता. वाटीएवढा. मी त्यात बोटं घातली. कव्हर आतून तिथेच झिजून पातळ झालं होतं. किल्ल्यांच्या जुडग्याचा खड्डा होता तो. आईकडे घराचीसुद्धा किल्ली नसते.

म्हणजे बसणारे अण्णाच होते. सीट पुढे ओढून, गुडघे दुमडून, काठावर सरकून ते काचेला नाक लावायला आल्यासारखे बसत होते. असं माणूस कधी बसतं हे लहान मुलालाही समजेल. मला मात्र त्या दुपारी ते समजून घ्यायचं नव्हतं. मी स्वतःशी म्हटलं, कमर दुखत असेल. म्हटलं, तसं बसल्यावर बरं वाटत असेल. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारी मी, पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवायला धडपडत होते.

हात चालू ठेवले. नवा फोम जुन्याच्या मापाने आखला, भाकरीसारखा थापून बघितला, स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीने कापला. खालच्या जाळीवर तारा टोचू नयेत म्हणून जुन्या सतरंजीचा तुकडा घातला. नवा फोम कव्हरमध्ये जाईना, तेव्हा आईने जपून ठेवलेली साडीच्या दुकानाची मोठी प्लॅस्टिकची पिशवी त्याला घातली, मग तो सरकन आत गेला. कड्यांच्या जागी प्लॅस्टिकचे पट्टे ओढून बांधले. अण्णा खाली आले, चारी बाजूंनी फिरले, नट वाटीतून मोजून देत सीट बसवून घेतली आणि हात पुढे केला. “जुना फोम?” मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला. खड्ड्यावरून त्यांचा अंगठा दोनदा फिरला.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं पान. खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, कढी, सगळं केळीच्या पानावर वाढून झालं. सोसायटीच्या गच्चीवर नेऊन ठेवायचं, कावळा शिवला की मग घरातल्यांनी जेवायचं. वर जाताना अण्णांबरोबर दर वर्षी आई असते. त्या दिवशी कढई गॅसवर होती, शेवटचे वडे राहिले होते. अण्णांना घाई झाली होती, दुपार टळत होती. आई म्हणाली, “जरा थांबा, मी येते.” पुन्हा म्हणाली. मी पान उचललं आणि म्हटलं, “अगं, मी जाते की त्यांच्याबरोबर.” आईने झारा हातात तसाच धरून आमच्याकडे बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. ओल्या भिंतींना शेवाळ्याचा वास होता. मी पान कठड्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे आले. अण्णांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. टाकीवर एक कावळा होताच. त्याने मान वाकडी केली, कठड्यावर उतरला, दोन उड्या मारत पानाशी आला आणि वडा चोचीत धरला. मला बरं वाटलं. मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा आभाळाकडे बघत होते. “येईना की गं,” ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. कावळा आमच्यासमोर वडा ओढत होता, खिरीत पाय भरवत होता. दुसरा एक आला, त्यांची थोडी मारामारी झाली. अण्णा हात जोडून उभे. “काहीतरी राहिलं असनार त्यांचं,” ते माझ्याशी म्हणाले, आणि मग माझ्याशी नाही, समोर बघून बोलायला लागले. “तात्या, गावच्या घराचं पत्रं बदलायचं राहिलंय, ठावं हाय मला. दिवाळीत जातो. बहिनीला साडी नेली न्हाई या वर्षी, ती बी नेतो. आनखी कशात जीव अडकला असंल तर ते बी बघतो. पन असं ताटकळत ठेवू नका. पोरं उपाशी हायती.”

कावळ्याने वडा उचलला आणि शेजारच्या इमारतीवर घेऊन गेला. पान अर्धं उलटलं होतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “शिवला.”

“कधी?”

“मगाशीच. दोघं आले होते. वडा घेऊन गेले.”

त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. मग त्यांनी ते सावकाश खाली घेतले. “तुझी आई लगेच सांगती,” ते म्हणाले.

मी विचारलं, “काहीच दिसत नाही?”

“दिसतंय की. धुकं पडल्यावानी दिसतंय. सकाळी बरं असतं. सांच्याला दिवे लागले की प्रत्येक दिवा फुटल्यावानी दिसतो.”

मग मी ओरडले. त्यांच्या वडिलांच्या घासासमोर, भर गच्चीवर मी त्यांच्यावर ओरडले. रस्त्यावर कोणी आलं असतं तर? कोणाचं पोर आलं असतं तर? मी रोज असले फोटो बघते, त्यांना काय वाटतं, ते फोटो कुठून येतात? अण्णा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “तुझी आई असती की शेजारी. तिला सोडून कधी गेलो न्हाई.”

डॉक्टरकडे का नाही गेलात, तर त्याचं कारणही त्या पानापाशीच होतं. तात्या, म्हणजे माझे आजोबा, गावात भरलेल्या कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून आले आणि त्या डोळ्याने त्यांना पुन्हा कधी दिसलं नाही. “आत काय घातलं, काय काढलं, कुनी दाखवलं न्हाई,” अण्णा म्हणाले. “काढलेलं दाखवा म्हनायला त्या बिचाऱ्याला सुचलं न्हाई.” सगळ्या जगाकडे जुनं मागणाऱ्या माणसाची मुळं मला त्या दिवशी सापडली. मग त्यांनी मागच्या खिशातून जुडगं काढलं, नखाने कडी उघडत, चाचपत, गाडीची किल्ली वेगळी केली आणि माझ्या हातावर ठेवली. “जमा कर,” ते म्हणाले. “नवं मिळालं की परत घेईन.”

खाली आलो तेव्हा आईने आमची तोंडं बघूनच गॅस बंद केला. मी तिला म्हटलं, “तुला माहीत होतं.”

“मग काय करायचं होतं?” ती म्हणाली. “घरात बसवलं असतं तर महिन्यात म्हातारा झाला असता मानूस. तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस. मी म्हटलं, त्यांचे डोळे न्हाईत तर न्हाईत, माझे हायती.” ती पानं वाढायला बसली. जेवताना मी माझा संशय सांगितला, की ती चोरून गाडी शिकतेय असं मला वाटलं होतं. आईला हसू आवरेना. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग बराच वेळ तो तसाच धरून बसली.

सर्वपित्री झाली, घट बसले, आणि मी अण्णांना नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांना होता, चांगला पिकलेला. डॉक्टर तरुण, हसतमुख. अण्णांना तोही खटकला, एवढं हसायला काय झालंय म्हणाले. आत जायच्या आधी त्यांनी विचारलंच, “डॉक्टर, जुनी लेन्स परत मिळंल का?”

“काका, ती आतच विरघळवून ओढून घेतो. हातात देण्यासारखं काही उरत नाही.”

अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जातात. “म्हंजे जुनं जमा न्हाई आणि नवं बसवलं,” ते म्हणाले. “मग बदललं हे मी कशावरनं मानू?”

“उद्या पट्टी काढल्यावर तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अण्णांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग स्वतःच्या हाताच्या रेषांकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, “तुमच्या पंख्यावर लई धूळ हाय.” काही आठवड्यांनी दुसरा डोळाही झाला.

यंदा आजोबांचं पान घेऊन आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मी अजून कठड्यापर्यंत पोचले नव्हते, तर अण्णा म्हणाले, “तो बघ, टाकीच्या मागं दबा धरून बसलाय. लबाड हाय.” कावळ्यांवरचा त्यांचा संशय डोळ्यांबरोबर अधिकच स्वच्छ झाला आहे. नवी सीट अजून घट्ट आहे आणि मागच्या खाचेवर सरकवलेली आहे. नवा खड्डा आता मागच्या बाजूला पडायला लागलाय, किल्ल्यांचाच. तो मी अधूनमधून हात घालून तपासते, कारण माझा स्वभाव काही बदललेला नाही.

पण मला सारखी आठवते ती त्या वर्षीची दिवाळीनंतरची सकाळ. डॉक्टरने गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी किल्ली परत केली, अण्णांनी ती जुडग्यात अडकवली, आणि आम्ही तिघं नेरूळला निघालो. आई नेहमीसारखी पुढे, मी मागे. अण्णा बसले, किल्ल्या वाजल्या, पाठ टेकली.

“पुढं रिक्षा थांबलीय हं,” आई म्हणाली.

“दिसली,” अण्णा म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, “सिग्नल...”

“दिसला.”

त्यानंतर आई बोलली नाही. वाशी मागे पडली, पाम बीचचा रस्ता लागला. मी मागून तिच्याकडे बघत होते. सुरुवातीला ती सवयीने समोरच बघत होती, मांडीवरचे हात घट्ट धरून. मग हात सैल झाले, आणि तिने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेने लांबच्या लांब भिंत आहे, तिच्यावर गुलाबी रोहित पक्षी रंगवलेले आहेत, पाण्यात उभे, काही उडणारे. ते कधीचे आहेत तिथे. आम्ही त्याच भिंतीसमोरून किती वेळा गेलो होतो.

“अगंबाई,” आई म्हणाली, “हे पक्षी कधी काढले हो भिंतीवर?”

“मला काय विचारतेस? मला कुठं दिसत होतं?”

“आन् मला तरी कुठं बघायला मिळत होतं,” आई म्हणाली.

अण्णांनी आरशात मागची गाडी बघितली, गाडी डावीकडे घेतली आणि भिंत संपेपर्यंत हळू चालवली.